बांधावरची उंडी

आमोण्याला मांडवीच्या काठाने मातीचा जुना बांध आहे. त्याच्या आत गुरुदासचे शेत आणि शेताच्या कडेला त्याचे घर. भरतीच्या वेळी त्याच्या अंगणात उभे राहिले, तर बांधापलीकडून जाणारी मालवाहू बार्ज मान वर करून बघावी लागते. म्हणजे नदी आपल्या डोक्यापेक्षा वर असते. मला ते कधीच बरे वाटले नाही. पण मला पुष्कळ गोष्टी बऱ्या वाटत नाहीत, म्हणून मी बोलत नसे.

बांधात एक लाकडी दार आहे. ओहोटीला ते उचलून शेतातले जास्तीचे पाणी सोडायचे, भरतीला बंद ठेवायचे. आमच्याकडे त्याला मानस म्हणतात. खारे पाणी एकदा शेतात तुंबले की पुढची काही वर्षे भाताचे नाव घ्यायला नको. तीन वर्षांपूर्वी त्या दाराच्या फळ्या कुजून मऊ झाल्या, आणि गुरुदासची नजर दाराशेजारच्या उंडीच्या झाडावर गेली.

उंडी त्याच्या आज्याच्या आधीची होती. वाघळे तिची फळे खात आणि बिया खाली टाकत. गुरुदासची बायको गंगा त्या वेचून, वाळवून तेल काढी. हिरवट, उग्र वासाचे. होडीला, मानशीच्या फळ्यांना ते लावत, गोठ्यात त्याचा दिवा लावत, आणि एक बाटली शेजारी माझ्याकडे, माझ्या गुडघ्यांसाठी येई.

"लोखंडी दार घातला तर तेका मीठ खाता," गुरुदास म्हणाला. "आणि असला लाकूड आता खंय मिळतला?"

चंदगडकडचा निवृत्ती सुतार झाडाला हात लावून बघत होता. "काका, ह्येच्या होड्या करत्यात. पाण्यात जेवढं ऱ्हाईल तेवढं घट्ट हुतंय."

"मगे तेल खंयसून काडशात?" गंगा म्हणाली. "फळ्यांक वर्साक तेल नाका?"

"बाटल्यो भरून ठेव गो."

"आणि भाईंचे गुडघे?"

"भाईंक गुडघे कित्याक? ते पुस्तकांतच चलतत."

सगळे हसले, मीही हसलो. मग गुरुदासने मलाच विचारले, "सांगा भाई, तुमच्या पुस्तकांत काय आसा?"

मी सांगितले की तेल औषधी आहे, लाकूड टिकाऊ आहे, असे वाचल्याचे आठवते. मग विचारले, "पण मुळे? ती बांधात गेली असतील ना?"

"मुळं ऱ्हाऊ द्या की," निवृत्ती म्हणाला. "उपटलं तर बांध फुटंल. नुसतं खोड कापायचं. मुळं जिथल्या तिथं, बांध धरून."

ते सगळ्यांना पटले. मलाही पटले.

झाड पाडले, आणि दार अप्रतिम झाले. निवृत्तीने फळ्या अशा बसवल्या की पहिल्याच भरतीला त्या फुगल्या आणि आतल्या बाजूला पाण्याचा थेंब आला नाही. गुरुदास येणाऱ्याजाणाऱ्याला दार दाखवी. भरतीला तो बांधावर जाई, कान लावून ऐके, फळ्यांवर थाप मारी आणि परत येई.

पहिल्या वर्षी बुंध्याला काही पाने फुटली. दुसऱ्या वर्षी फुटली नाहीत. सालीखाली पांढरी बुरशी आली. बुंध्याभोवती कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळे केली, पण कुर्ल्या बांधात असायच्याच. यंदा थंडी सरताना बांधाच्या माथ्यावर, बुंध्याच्या जरा पलीकडे, मला एक खळगा दिसला. पाऊल ठेवून बघितले. माती दबली. आपल्या वजनाने असेल, असे वाटले. तरी मी गुरुदासला नेऊन दाखवला.

"भाई, वाचून वाचून तुमचे डोळे गेले," तो म्हणाला. पण त्याने दोन घमेली माती टाकली. चार दिवसांनी खळगा पुन्हा तसाच होता.

माघातल्या पौर्णिमेला दुपारी भरती होती. वायंगणाचे, म्हणजे हिवाळ्यात लावलेले, भात पोटरीत आले होते. ऊन स्वच्छ होते, वारा नव्हता. मी बांधावर होतो, तेवढ्यात गंगाने खालून हाक मारली. शेताच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, बोटाएवढी धार वाहत होती. तिने बोट बुडवून जिभेला लावले.

"खारा," ती म्हणाली.

गुरुदास धावत आला. आधी दाराकडे गेला. दार कोरडे होते. मग त्याने धारेवर चिखल थापला, वर गवताची पेंढी दाबली. धार थांबली आणि हातभर पलीकडून निघाली. तिथे दाबले, तर आणखी वर, दोन ठिकाणी. त्याने एका भोकात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत काळी, ओली साल होती. मुळाच्या आत लाकूड उरले नव्हते, नुसती नळी होती.

"खंय खंय गेली आसत ही?" तो म्हणाला. कोणालाच माहीत नव्हते. इतकी वर्षे झाड जिथवर पोचले, तिथवर गेली असणार.

सुरुवातीला धार नितळ होती. आता ती तांबडी झाली. बांधाची माती पाण्याबरोबर येत होती.

"मानस उघड," गंगा म्हणाली.

"आता? भरतीत? भात पोटरीत आसा गो!"

"भात जाऊं दे. शेतात पाणी भरला तर बांधावरचा जोर कमी जातलो. बांध फुटलो तर घर जातला."

त्याने माझ्याकडे पाहिले. या वेळी मला शंका नव्हती. "ती बरोबर बोलते," मी म्हणालो, आणि मला वाटते बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो.

गंगा म्हशीला सोडायला गोठ्याकडे पळाली. आम्ही दोघांनी पहार लावली. फळ्या फुगून एकमेकींत रुतल्या होत्या आणि बाहेरून नदी त्यांना रेटत होती. पहार वाकली. गुरुदासने निवृत्तीचे नाव घेऊन शिवी हासडली आणि पुन्हा जोर लावला. कितीतरी वेळाने वरची एक फळी कण्हत कण्हत सुटली, आणि नदी शेतात शिरली.

भाताच्या ओळी एकेक करून पाण्यात उभ्या राहू लागल्या. गुरुदास तिकडे बघेना. तो पायथ्याशी उकिडवा बसून भोकांकडे बघत होता. गंगा म्हशीला घेऊन वरच्या रस्त्यावर पोचली होती आणि तिथून त्याला हाका मारत होती. भरतीला अजून चढायचे होते. नदीत, वळणापलीकडे, एका बार्जचा भोंगा वाजला; तिच्या लाटा आता बांधावर येणार होत्या. पाणी भाताच्या कमरेला लागले, आणि बांधातून येणारी तांबडी धार अजून बारीक झाली नव्हती.