तेजबाबाचा बल्ब

"वहिनी, कुणी काहीही सांगो, बाळाचं मशीन बंद करू नकोस," नणंदेने फोनवर बजावलं होतं. नणंद डोंगरावरच्या पवनचक्क्यांच्या कंट्रोल रूममध्ये कामाला. "तुला मूल झालं की मग शिकव मला," असं फटकन बोलून वहिनीने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी ती सासूबाईंबरोबर सभागृहात उभी होती. पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर तेजबाबा आणि त्याच्या डोक्यावर लोंबता एकच बल्ब. रोज सातला गावातले दिवे मलूल व्हायचे, तसा तोही लालसर, मरगळलेला.

"पवनचक्क्या तुमचं तेज गिळतायत!" बाबा गरजला. "मी ते ओढून आणतो. पण एक जरी यंत्र चालू राहिलं, की तेज तिथेच अडकतं. पंखे, फ्रिज, मोटारी, सगळं बंद! पंधरा मिनिटं!"

"बाळाचं मशीनसुद्धा?" तिने चाचरत विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं. उद्यापासून त्याला मशीन लागणारच नाही, माई."

आठ महिन्यांचं बाळ, फुप्फुसं कच्ची. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकाशी देणारं ते मशीन व्होल्टेज पडलं की ठणाणा करत बंद व्हायचं. महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. 'लागणारच नाही' हे शब्द ऐकून तिचा बांध फुटला. शिकलेल्या बाईने स्वतःच्या हाताने नवऱ्याला फोन लावला. "बंद करा. पंधराच मिनिटं."

बाबाने हात वर केले. बल्ब थरथरला, पिवळा झाला, मग लख्ख पांढरा. लोक ओरडले, रडले. तीही रडली.

नवव्या मिनिटाला फोन वाजला. "अगं, ओठ निळे पडलेत याचे!"

"मशीन लावा!"

"लावलंय गं. तू धावत ये."

बाळ सावरलं. तपासून झाल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी पाच मिनिटं गेली असती, तर मला बोलावून उपयोग नव्हता."

तिने नणंदेला फोन केला. "मीच बंद करायला सांगितलं." पलीकडून "बाळ कसं आहे?" एवढंच. टोमणा नाही.

"पण बल्ब उजळला कसा?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"गावाने मोटारी बंद केल्यावर उजळणार नाही तर काय! एका नळाच्या पाण्यावर पन्नास घरं तुटून पडली की धार बारीक. पंचेचाळीस बाजूला झाली की मोठी. त्याला बाबा कशाला हवा?"

"मग रोज व्होल्टेज पडतं ते?"

"ती आमची लाज. तीन डोंगर, तीन कंपन्या. जड कपाट जिन्यावरून उतरवताना तिघांनी आपापल्या मर्जीने जोर लावावा, तसं चाललंय. आमच्या पवनचक्क्या व्होल्टेज वर उचलतात, त्याच वेळी शेजारच्या खाली खेचतात. एकाने हाक द्यायला हवी, तिन्हीकडे एकाच जागेहून सूचना जायला हवी. सगळं तयार आहे, पण तिन्ही साहेबांचं जमत नाही. आणि बाबा तर पवनचक्क्या कायमच्या बंद करा म्हणून सह्या गोळा करतोय! मग सावरायला उरेल कोण?"

दुसऱ्या दिवशी ती बर्फ कारखान्यात गेली, पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली. दोन्हीकडे काल भक्तिभावाने खटका पाडला होता. "आज चालू ठेवा," तिने हात जोडले.

"बाबाचा शाप लागला तर?" कारखानदार हसला.

"मला लागू दे. लागायचा होता तो काल लागून गेला."

संध्याकाळी बाबाने पुन्हा सगळं बंद करायला लावून हात वर केले. बल्ब किंचित हलला आणि पुन्हा पेंगला. बाबाचे हात दमून खाली येऊ लागले. "कुणीतरी पापी यंत्र चालवतोय!"

"खरंय," गर्दीतून नणंद पुढे आली. "बर्फ कारखाना आणि पंप. बाबा, दमलात. खाली बसा, चहा घ्या." आणि फोनवर दोन्हीकडच्या माणसांना म्हणाली, "करा बंद."

बाबाच्या ओठाला कप आणि डोक्यावर झगमगाट.

"करा चालू." बल्ब मलूल.

"अगं बाई, घोट गिळला की दिवा जातोय!" मागून कुणी बाई म्हणाली आणि सभागृह हसून लोळलं. बाबा मागच्या दाराने सटकला.

तिला मात्र हसू येईना. आपल्या बाळासारखं आणखी कोणी मशीनवर असेल, आणि तेही आज बंद केलं असेल तर? ती पळत सुटली. मागच्या गल्लीत म्हातारे शिंपीकाका अंधारात भिंतीला टेकून धापा टाकत होते. मशीन शेजारीच, बंद. "विश्वास नाही गं माझा," ते तुटक म्हणाले, "पण एकट्यामुळे गावाचं तेज अडलं असं नको कुणी म्हणायला." तिने बटण दाबलं. ते श्वासाला लागेपर्यंत ती त्यांचा हात धरून बसली.

दिवे आजही सातला मंद होतात. गावाने आता वेगळ्या कागदावर सह्या केल्यात: तिन्ही डोंगरांचा कारभार एका जागेहून चालवा. उत्तर आलेलं नाही. तोवर पाळण्याशेजारी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आहे आणि तिच्या जिवाला घोर.

बल्ब उजळला हे खोटं नव्हतं. तो का उजळला, एवढंच कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारा. आणि तिचं एक ऐका. तुमच्या गल्लीतही मशीनच्या आधाराने श्वास घेणारं कुणीतरी एकटं असेल. फोन करू नका, ते 'ठीक आहे' म्हणतील. उठा, जाऊन बघा, मशीन चालू आहे ना.