हलणाऱ्या हुकाची कैफियत

मंगळवार, सतरा मार्च. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. हातोडीचे घाव चार. मित्रांनो, मी एक जुना, पाच मीटरचा मोजायचा टेप आहे, आणि ते चारही घाव माझ्या टोकाच्या हुकावर बसले. त्याचा गुन्हा एवढाच, की तो हलत होता.

अहो, तो हलायलाच हवा! मला घडवताना हुकाची जाडी एक मिलिमीटर ठेवली आणि त्याला पट्टीशी जोडणाऱ्या रिवेटांची भोके मुद्दाम लांबट पाडली. का? तर हुक नेमका एक मिलिमीटर मागेपुढे सरकावा म्हणून. फळीच्या कडेला अडकवून मला ताणले, की तो पुढे येतो. भिंतीला टेकवून दाबले, की मागे जातो. आपली जाडी मापात कधी धरायची आणि कधी सोडायची, हे तो स्वतःच सांभाळतो. ज्याला हे सुचले, त्याला मी आजही मनोमन नमस्कार करतो. माझ्या हुकात खिळा अडकवायला खाचही आहे, त्यामुळे एकट्या माणसाला दुसरे टोक धरायला कोणी लागत नाही.

थोरल्या मिस्त्रींच्या कमरेला मी बारा वर्षे राहिलो. त्यांची एक रीत होती. फळी बसवली, की सांध्यात साधा कागद सरकवून पाहायचे. कागद शिरला, तर ती फळी बाद. वर्षानुवर्षे तो कागद बिचारा दाराबाहेरच उभा राहिला. लोक मिस्त्रींच्या नजरेची वाहवा करत. मिस्त्री मात्र मला पुसून कमरेला लावत आणि गालात हसत.

त्यांचा धाकटा भाऊ दुकानाची व्यवस्था पाहतो. माणूस टापटिपीचा, पण नसती उठाठेव फार. जे हलते ते बिघडलेले, हे त्याचे शास्त्र. खुर्ची, कडी, बिजागरी, काहीही त्याच्या हातातून सुटत नसे. त्या मंगळवारी मीही सुटलो नाही. हुक मागे दाबलेला असतानाच त्याने रिवेट ठोकून घट्ट केले आणि वर मला फडक्याने पुसून जागेवर ठेवले.

दवाखान्याच्या औषधांच्या कपाटाला चोवीस फळ्या लागणार होत्या. मिस्त्रींनी आतले माप घेतले: सहाशे मिलिमीटर, अगदी बरोबर. मग मला फळीच्या कडेला अडकवले. हुक पुढे सरकेना. मी सहाशे दाखवत होतो, आणि फळी कापली जात होती पाचशे नव्व्याण्णवची. कागद आत शिरला. दुसऱ्या फळीतही शिरला. मिस्त्रींनी चष्मा पुसला, दिव्याखाली जाऊन मोजले, पुन्हा कापले. अकरा फळ्या बाद झाल्या.

बारा वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी शंका घेतली नव्हती, म्हणून ती स्वतःवर घेतली. मला तोंड नाही, याची एवढी चीड मला कधीच आली नव्हती. आणि तो धाकटा! येणाऱ्या-जाणाऱ्याला हळूच सांगत होता, की दादांची नजर गेली, वय कोणाला चुकले आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

संध्याकाळी मिस्त्रींनी मला कमरेवरून काढून लेकीपुढे ठेवले. ती तिथेच कापायचे यंत्र चालवते. "उद्यापासून माप तू घे," ते म्हणाले. "माझ्या हातून आता होत नाही."

 लेकीने बाद फळी उचलली, मला अडकवून मोजली आणि मग पोलादी पट्टी लावून मोजली. पुन्हा दोन्हींनी मोजली.

"आप्पा, तुमची खूण बरोबर आहे. टेपच एक मिलिमीटर जास्त दाखवतोय."

मिस्त्रींनी माझा हुक अंगठ्याने ढकलून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"हा घट्ट कोणी केला?"

"मीच केला, दादा," धाकटा अभिमानाने म्हणाला. "किती डुगडुग हलत होता. तुमच्या लक्षात तरी आलं असतं का?"

"अरे, तो हलतो म्हणून माप बसतं," मिस्त्री म्हणाले. "आणि तू दिवसभर माझे डोळे गेले म्हणून सांगत फिरलास."

धाकट्याची मान खाली गेली. बारीक पेचकस घेऊन त्याने स्वतःच माझा हुक सैल केला. लेक पट्टी लावून पारखत होती. एक मिलिमीटर सरकू लागताच तिने त्याचा हात धरून थांबवला. मिस्त्रींनी मला पुन्हा कमरेला लावले. माझा राग अजून गेलेला नाही, तो भाग वेगळा.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, ज्यांत एखादे भोक, एखादी खाच, एखादी सैल कडी विनाकारण वाटेल. ती बुजवण्याआधी, ठोकण्याआधी, ती तिथे कोणी आणि कशासाठी ठेवली, हे विचारा. वस्तू बोलत नाही. तिच्या चुकीचे खापर मग माणसावर फुटते.

कपाट शनिवारी पूर्ण झाले. तपासलेल्या फळ्या चोवीस. कागद शिरलेल्या फळ्या शून्य.