सुनेनं मागितलेला भेजा

शिंपीणबाईंचा मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला म्हणून दूरदेशी गेला आणि दोन वर्षांनी तिकडचीच बायको घेऊन आला. सून हसरी होती, मोडकीतोडकी का होईना पण आपली भाषा बोलायची. शेजारीपाजारी कौतुकानं तिला 'पाहुणी' म्हणत, आणि तेच नाव तिला चिकटलं. सासूनं काजं करायला शिकवली, ती तिनं आठवड्यात उचलली. दोघींचं छान जमलं होतं.

बिनसलं ते एकदाच. पहिल्याच महिन्यात पाहुणीनं खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणला आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला. शिंपीणबाईंनी कागद उघडला मात्र, त्यांना शिसारी आली. पुडी तशीच कचऱ्याच्या डब्यात गेली, फ्रिज सोड्यानं पुसून निघाला. या घरात कलेजी चालते, गुर्दे चालतात, पण ज्यानं जनावर विचार करत होतं ते ताटात नको, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यात हसू कमी आणि हुकूम जास्त होता. पाहुणीनं समजावून पाहिलं. तिच्याकडे आजारातून उठलेल्याला, लहान लेकराला आधी भेजाच देतात. तिकडच्या शेजारच्या देशात तो अंड्यात परततात, तिच्या घरी व्हिनेगर घालून शिजवतात आणि लिंबू पिळतात. त्यातला धाकटीचा वाटा ठरलेला, आणि धाकटी तीच. शिंपीणबाईंनी नाक मुरडलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पुढे तिला दिवस गेले, आणि पोटात पाणी ठरेना. भात नको, दूध नको, फळ पाहिलं तरी उमासे. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती शिलाई मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"आई, एकदाच. मी खिडकी उघडून करते. भांडं पण वेगळं घेते."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. "पोटातल्याला बाधलं तर? नको बाई."

बाधेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारावं हेही मनात आलं नव्हतं. किळस येते म्हणायची लाज वाटली, म्हणून बाळाचं नाव पुढे केलं, इतकंच.

पाचव्या महिन्यात बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, खाण्यापिण्याशी याचा काडीचाही संबंध नाही. मुलानं आईला ते दोनदा समजावलं. शिंपीणबाईंनी दोन्ही वेळा मान हलवली. बाळ कशानंच वाचलं नसतं हे त्यांना कळत होतं. पण पोरीनं इतक्या दिवसांत एकच गोष्ट मागितली होती.

घरी आल्यापासून पाहुणी भिंतीकडे तोंड करून पडून राही. ताट जसं जाई तसं परत येई. दहाव्या दिवशी शिंपीणबाई पिशवी घेऊन खाटकाकडे गेल्या. भेजा साफ कसा करतात हे त्यांनी हळूच विचारलं. खाटीक जुना, ओळखीचा. त्यानं कारण विचारलं नाही. गार मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा म्हणाला, पाणी बदलत राहा, वरचा पापुद्रा बोटानं सोडवा, घाई केली की सगळंच फाटतं.

तीस वर्षं नाजूक कापडांची शिवण उसवलेल्या बोटांनी पापुद्रा सोडवला. रक्ताचे तंतू त्यांनी एकेक करून काढले. मधे दोनदा खिडकीशी जाऊन आल्या. मग व्हिनेगर, कांदा, मंद आच, वरून लिंबू. बशी घेऊन त्या सुनेच्या उशाशी बसल्या.

पाहुणी उठून बसली. बशीकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुम्ही केलं?"

"साफही मीच केला. खा गं, माझ्या बाई."

तिनं चमचा तोंडापाशी नेला आणि तसाच परत ठेवला. ती रागावली नव्हती, आणि तेच शिंपीणबाईंना सोसेना.

"आता नको, आई. तेव्हा हवं होतं."

शिंपीणबाईंनी बशी बाजूला सारली. सुनेनंच त्यांचा हात हातात घेतला. दोघी रडल्या, आपापलं.

पुढच्या महिन्यात ती माहेरी गेली, थोडे दिवस म्हणून. तिला आणायला मुलगा गेला आणि तोही तिकडेच कामाला लागला. भांडण नाही, रुसवा नाही. फोन येतो. जेवलात का, असं ती अजून विचारते.

गेल्या आठवड्यात मुलानं सांगितलं, तिला पुन्हा दिवस गेलेत, सगळं ठीक आहे, बाळंतपण तिच्या माहेरीच करायचं ठरलंय. तिला काय काय खावंसं वाटतं, शिंपीणबाईंनी विचारलं. त्याची काळजी नको, तो म्हणाला, तिची आई आहे ना, ती बघते सगळं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा दारात एक बाई पँट आखूड करायला घेऊन उभी होती. आज जमणार नाही, उद्या या, असं सांगून शिंपीणबाईंनी दार लोटून घेतलं.