तीन रेवत्या आणि दुर्पताबाई

दुर्पताबाईनं चूल पेटवायला कागद उचलला आणि त्यावर तिला स्वतःचंच नाव दिसलं.

सकाळचे सहा वाजले असतील. चुलीजवळच्या टोपल्यात तुरीच्या काड्या होत्या आणि त्यांच्यावर छापील कागदांचा एक गठ्ठा टाकलेला होता. सातवीपर्यंत शिकलेल्या दुर्पताबाईला वाचायला वेळ लागे, पण आपलं नाव ओळखायला लागत नसे. 'दुर्पता बुधराम रंगारी, वय ५२, रोवणी (भातलावणी) करणाऱ्या मजूर.' त्या ओळीवरून लाल पेनानं आडवी रेघ मारली होती. खाली तिचंच बोलणं होतं, तिच्याच बोलीत. त्यावरही रेघ. दुसऱ्या एका पानावर शेजारच्या रुख्माचं बोलणं, रेघ. मग सुशीलाबाईचं, रेघ. अकरा बायांची चौदा पानं, आणि शेवटी समासात शेरा: 'हे प्रकरण वगळावे.'

चूल तशीच राहिली. गठ्ठा घेऊन दुर्पताबाई अंगणात आली. तिची लेक रंजिता गोंदियाच्या कॉलेजात एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती नळाजवळ तोंड धूत होती.

"रंजिता, हे कोनं खोडलं?"

रंजितानं मान वर केली आणि कागद पाहून पुन्हा खाली घातली. "सरनं."

"काऊन?"

"म्हणतात, बायांच्या गप्पा म्हणजे संशोधन नोहे."

"अन् तू चुलीत टाकून राहिली?"

"आई, परवा तोंडी परीक्षा आहे. बाहेरून मॅडम येऊन राहिल्या. सरची सही नाही भेटली तं माहं वर्ष जाते. मी ते प्रकरण काढून दुसरी प्रत बांधून आणली."

दुर्पताबाईचा चेहरा पाहून तिच्या नवऱ्यानं, बुधरामनं, हातातलं दातून खाली ठेवलं.

रंजिताच्या प्रबंधाचा विषयच कॉलेजात कुणाला पटला नव्हता. एका जुन्या कादंबरीवर टीव्हीवाल्यांनी तीन वेळा मालिका काढली होती. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, राबणारी रेवती आणि मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मुलगा अभय, या दोघांच्या प्रेमाची गोष्ट. पहिली 'धानी पगडंडी', तीस वर्षांपूर्वीची. दुसरी 'रेवती तेरे आँगन की', ही साडेआठशे भाग चालली. तिसरी मराठी, 'सोनसळी तुझी सावली', दोन वर्षांपूर्वी संपलेली. तिन्हींत नावं तीच, गाव तेच, नदीच्या घाटावरची पहिली भेटही तीच. मग बदललं काय, हे रंजिताला शोधायचं होतं. तिचे मार्गदर्शक भूपेंद्र सर ऐकून हसले होते. "मालिकांवर प्रबंध? कवितेवर घे, लवकर संपेल." रंजितानं विषय सोडला नाही. पहिली तीन प्रकरणं तिनं पुस्तकं उलथीपालथी करून लिहिली. चौथ्यासाठी मात्र ती टोलीतल्या, गावाबाहेरच्या आपल्याच वस्तीतल्या, बायांकडे गेली. त्यांनी तिन्ही मालिका पाहिल्या होत्या आणि त्यांची अर्धी हयात बांधीत वाकून गेली होती.

हिवाळ्यात, धान मळून झाल्यावर, या बाया दुपारच्या बसत आणि रंजिता मोबाईल मधे ठेवून त्यांना बोलतं करी. त्या बोलल्याही होत्या पोटभर.

"पहिली रेवती खरी," दुर्पताबाई म्हणाली होती. "गुडघाभर चिखलात उभी राहे. कंबर दुखली का हात मागं लावे, तसा आपण लावतो ना, तसाच. दुसऱ्यात त्याईनं तिले मजुराची ठेवलीच नाही. पुजाऱ्याची गरीब पोरगी केली. मंग सासूसाठी उपास कर, रड, उपास कर, रड. तिसऱ्यात पुन्हा मजुरीन केली, पण बांधीतून निघाली तं पायाले चिखल नाही! अन् रोपाची जुडी उलटी धरलेली, मुया वर. अन् शेवटी काय, तं खांद्यावरचा तीळ पाहून समजते, ही तं मालगुजाराच्या दोस्ताचीच हरवलेली पोरगी. मंग लगन लागते. म्हणजे पाहा, मजुराच्या पोरीसंग लगन लागलं ते एकाच खेपेस."

एवढं सगळं त्या लाल रेघांखाली होतं.

दुर्पताबाईनं चौदा पानं मांडीवर ठेवून हातानं सरळ केली. "परवा मी येतो तुह्यासंग," ती म्हणाली.

"तिथं तुहं काय काम?" बुधरामनं विचारलं. तो आमगावच्या राईस मिलमध्ये होता आणि साहेब लोकांच्या खोल्यांपासून चार हात लांब राहण्यात त्याची वीस वर्षं नीट गेली होती.

"माह्या बोलण्यावर रेघ मारली. माहं काम नाही तं कोणाचं?"

"आई, तू आली तं सर आणखी बिघडतीन," रंजिता म्हणाली. "तुले सोपं वाटते. दोन वर्षं मी पॅसेंजरनं जाऊन येऊन राहिलो, ते मातीत जाईन."

"त्या परीक्षेले कोणी बसलं तं चालते, असं तूच सांगतलं होतं. मी बसीन. बोलणार नाही." मग ती म्हणाली, "कोणी विचारलं तं मात्र बोलीन."

परवाच्या दिवशी दोघी सकाळच्या गाडीत बसल्या. रंजिता खिडकीबाहेर पाहत होती. उन्हाळी धान कापलेल्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. कॉलेजसाठी बांधलेली नवी प्रत तिच्या पिशवीत होती, आणि चौदा पानं दुर्पताबाईच्या पिशवीत. अर्ध्या वाटेत रंजितानं हात पुढं केला. "दे इकडं. पाहू दे."

ती वाचू लागली. रुख्माच्या पानावर तिला हसू आलं. आईच्या पानावर ती थांबली. तिथं रेघ सगळ्यात जाड होती, दोनदा मारलेली.

ते मालगुजारवाड्याचं पान होतं. दुर्पताबाई नवी नवरी असताना गावात एकच टीव्ही होता, मालगुजाराच्या ओसरीवर. घरचे आत बसत, टोलीतली माणसं बाहेर अंगणात. सगळ्यांनी 'धानी पगडंडी' तशीच पाहिली. शेवटच्या भागात अभय रेवतीच्या बापाच्या झोपडीत येतो, जमिनीवर बसतो आणि तिच्या आईच्या हातचं जेवतो. तू जेवल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही, असं रेवतीनं त्याला बजावलेलं असतं. अभयनं ताटाला हात लावला आणि मालगुजारीणबाईनं उठून टीव्ही बंद केला. "लाइट गेली," असं ती अंगणाकडे पाहून म्हणाली. आत पंखा फिरत होता. दुर्पताबाईला तो उंबऱ्यावरून दिसत होता. पुढं काय झालं, ते तिनं पाहिलं मागच्या हिवाळ्यात, लेकीच्या मोबाईलवर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

"सही नाही भेटली तं?" रंजितानं विचारलं.

"तं पुढच्या साली बस. एक साल जाईन. माहे तं तो शेवट पाहाले तीस साल गेले."

गोंदिया स्टेशनातून बाहेर पडल्यावर रंजिता कॉलेजच्या रस्त्याला न लागता झेरॉक्सच्या दुकानात शिरली. तिनं चौदा पानांची एक प्रत काढली आणि ती बांधलेल्या प्रबंधाच्या मागं पिनेनं टोचली. रेघा काळ्या उमटल्या होत्या, पण खालचं सगळं वाचता येत होतं.

मराठी विभागाच्या खोलीत भूपेंद्र सर होते आणि नागपूरहून आलेल्या परीक्षक, डॉ. रीता मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर उतरलेला. दुर्पताबाई मागच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. सरांना वाटलं कॉलेजातली शिपाई आहे, त्यांनी तिला पंखा मोठा करायला सांगितला. दुर्पताबाईनं उठून तो मोठा केला आणि परत बसली.

रंजितानं पहिली तीन प्रकरणं मांडली. मग तिनं मागं टोचलेली पानं उघडली. "चौथं प्रकरण मागं जोडलं आहे. ते मला काढायला सांगितलं होतं. मी काढलं होतं. आज सकाळी पुन्हा जोडलं."

सरांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "रंजिता, आपलं काय ठरलं होतं?"

रीता मॅडम पानं उलटत होत्या. त्या रेघांखालून वाचत होत्या, बोट फिरवत. "ह्या दुर्पता रंगारी कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मागून आवाज आला.

सरांनी वळून पाहिलं. पंख्याचं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी लगेच मान फिरवली. ते सांभाळून बोलू लागले. "मॅडम, माझा आक्षेप साधा आहे. हे आवडीनिवडीचं बोलणं आहे. पायाला चिखल का नाही, जुडी उलटी का धरली. यात सिद्धांत कुठं आहे? आणि प्रत्येक गोष्टीत जात कशाला ओढायची? ही प्रेमकथा आहे. लोक करमणूक म्हणून बघतात."

"तुम्हाला काही सांगायचंय?" मॅडमनी दुर्पताबाईला विचारलं.

दुर्पताबाई उभी राहिली. पिशवी तिनं बाकावर ठेवली. "सर, मी एक विचारू?"

"विचारा."

"रेवती मजुराची काय, पुजाऱ्याची काय, काय फरक पडते?"

"तेच तर मी म्हणतोय, बाई. गोष्ट प्रेमाची आहे. काही फरक पडत नाही."

"फरक पडत नाही तं बदललं काऊन?"

सर समोरची प्रत चाळू लागले. दुर्पताबाई थांबली नाही.

"कादंबरीत ती मजुराची होती. पहिल्या मालिकेत होती. कोणी तकरार केली नाही, आमी तं नाहीच केली. मंग दुसऱ्यात काढली. तिसऱ्यात ठेवली, अन् शेवटी तीळ दाखवून पुन्हा काढली. तीन डाव तीच गोष्ट सांगतली, अन् दोन डाव आमाले गोष्टीबाहेर काढलं. आता तुमी रेघ मारली, हा तिसरा डाव. तुमाले वाटते मी गप्पा मारल्या. मी तिन्ही रेवत्या पायल्या, सर. तुमी किती पायल्या?"

सरांनी एकही पूर्ण पाहिली नव्हती.

रीता मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत की कौतुकही केलं नाही. त्या रंजिताकडे वळल्या. "इथं तू लिहिलंस, 'ग्रामीण स्त्री प्रेक्षकांनी तिसरी मालिका नाकारली.' अकरा बायांच्या बोलण्यावरून?"

"हो."

"हे चूक आहे. अकरा आहेत तर अकराच म्हण. आणि तुझ्याच पानांत एका बाईला तिसरी आवडली आहे. ते तू निष्कर्षात लपवलंस. तुझ्या सरांनी तुझ्या बायांना खोडलं, आणि तू त्या एकीला खोडलंस. बरोबर?"

रंजिताला खोटं बोलता आलं असतं. "बरोबर," ती म्हणाली. "ते मी दुरुस्त करते. पण प्रकरण काढणार नाही."

"सही नाही मिळाली तरी?" सरांनी विचारलं.

"नाही मिळाली तरी."

मॅडमनी शेरा लिहिला: चौथे प्रकरण ठेवावे, निष्कर्ष सुधारावा. तो वाचून सरांना सही करावीच लागली. ती त्यांनी केली, पण अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते. निकाल जुलैत लागला. रंजिताचा पहिला वर्ग चार गुणांनी हुकला. मराठी विभागात तासिकेवर शिकवायला घेऊ, असं सर आधी म्हणाले होते. ते पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी दुर्पताबाईनं विचारलंच. "माह्यामुळं झालं का व?"

"रेघ तू मारली काय?" रंजिता म्हणाली. तिनं आमगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्ज दिला होता, आणि तिरोड्याच्या दुसऱ्या एकात. "जिथं जाईन तिथं हाच प्रबंध घेऊन जाईन. विचारू दे त्याईले."

रोवणीचे दिवस होते. गावातल्या सुकरामच्या बांधीत बावीस बाया लागल्या होत्या. दुपारी त्या धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, भाकरीचं फडकं सोडून बसल्या, तेव्हा दुर्पताबाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून बांधलेली प्रत काढली. हात लुगड्याला कोरडे पुसले आणि चौथं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागली. बोट ठेवून, सावकाश. आपापलं नाव आलं की बाया ओरडत होत्या.

रुख्माची पाळी आली. दुर्पताबाईनं वाचलं: "'मले तिसरीच आवडली. त्यातला अभय पाहाले चांगला आहे. तीळ-बीळ मले काही घेणं नाही.'"

बाया खिदळल्या. रुख्मा मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हसता कायले? बोललो तसंच छापलं पोरीनं. मले आवडला तं आवडला. कोणाच्या बापाचं काय जाते?"

"तुहं मत तुहं," दुर्पताबाई म्हणाली. "पण रोपं उलटी धरली होती त्या रेवतीनं."

"धरली होती. ते मी कुठं नाही म्हणलं?"

बांधावरून मुकादम छोटेलालनं हाक मारली. "चला वो बाया, टाइम झाला!"

कोणी उठलं नाही. दुर्पताबाईनं त्याच्याकडे पाहिलं, अंगठा जिभेला लावून पान उलटलं आणि म्हणाली, "थांब जरा. अजून सहा जणी बाकी आहेत."