विम्यातल्या दोन जागा

विमा कंपनीचं पत्र आलं, ते आमच्या ह्यांनी वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बरं." सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकून आतली माणसं किंचाळत असली, तरी हे बाहेरून "बरं"च म्हणत असणार.

मी पत्र ओढून घेतलं. ह्यांनी सत्तरी ओलांडली, म्हणून आमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला होता. खाली कारण दिलं होतं, औषधोपचारांचा वाढता खर्च. जणू तो आम्हीच बसून वाढवत होतो. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. कोट धुण्याचा दर मी जरा वाढवला, तर गिऱ्हाईक काउंटरवरच माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. इथे मात्र उद्धार करायला समोर कोणी नव्हतं, नुसता एक फोन नंबर, आणि त्यावर गाणं वाजत राहायचं.

हप्ता भरणं आमच्या आवाक्यात नव्हतं. आणि न भरणं त्याहून नव्हतं. ह्यांच्या छातीत दोन स्टेंट आहेत. एकदा विमा तुटला, की असल्या छातीच्या माणसाला दुसरी कंपनी दारातही उभं करणार नाही. मग पुढे काही झालं तर दुकान विकायचं, एवढा एकच मार्ग उरत होता. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात सुनेने सांगितलं, "आई, आमच्या ऑफिसच्या विम्यात आता घरातल्या दोन ज्येष्ठांना घेता येतंय. बराचसा भाग ऑफिसच भरतं. जुनी दुखणीही पहिल्या दिवसापासून धरतात. फक्त सोमवारच्या आत नावं द्यायचीत."

माझा जीव भांड्यात पडला. तिथे तो चहा संपेपर्यंत राहिला. मग लक्षात आलं, की सुनेला स्वतःचे आई-वडीलही आहेत, त्यांचंही वय झालंय, आणि त्यांचाही हप्ता वाढला असणार. जागा दोन आणि माणसं चार.

खरं सांगते, मला त्या जागा हव्या होत्या. अगदी हिसकावून घ्याव्यात इतक्या हव्या होत्या. पण मुलीकडच्यांच्या तोंडचं काढून घेतलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी विहीणबाईंना फोन लावला आणि वर साखर पेरून म्हटलं, "ताई, तुमचीच नावं द्या हो. आम्हाला काय धाड भरलीय? हे तर अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात."

"छे, छे! भलतंच काय, ताई?" विहीणबाई म्हणाल्या. त्या पूर्वी बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे नाही म्हणतानाही लाडाने म्हणतात. "आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुमचीच नावं द्यायची, ठरलं आता."

मी म्हटलं, नाही, तुमचीच. त्या म्हणाल्या, नाही, तुमचीच. फोन ठेवला तेव्हा मला घाम फुटला होता. अशी सभ्यता चारपाच दिवस चालली. सून दोन्हीकडे कान देऊन शेवटी वैतागली आणि तिने शनिवारी दुपारी सगळ्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं.

जेवणं झाली, तरी विषय कोणी काढेना. व्याही चष्म्याच्या दुकानाचे मालक. ते आमच्या मुलाच्या चष्म्याची दांडी सरळ करत बसले. शेवटी सून म्हणाली, "बोला आता. मला आज नावं भरायचीत."

"त्यात बोलायचं काय?" आमचे हे म्हणाले. "तुझ्या आई-वडिलांची नावं घाल. मी धडधाकट आहे." आणि एवढं बोलून थांबतील तर शपथ! उठले, कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा भरलेला मोठा जार उचलला आणि स्वयंपाकघराकडे निघाले. जार ओट्यावर ठेवला खरा, पण मग ओट्याला धरून तिथेच उभे राहिले. तोंडावरचा रंग उडाला होता. तरी आम्हा सगळ्यांकडे बघून हसत होते.

माझं डोकं फिरलं.

"पुरे करा हा तमाशा!" मी ओरडले. "धडधाकट म्हणे! छातीत दोन स्टेंट आहेत ह्यांच्या. पायऱ्या चढताना मधल्या मजल्यावर बसतात आणि कोणी आलं की बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करतात. मी खोटं बोलले, ताई. मला ह्यांचं नाव त्या विम्यात हवंय. हवंच आहे. आता काय म्हणायचं ते म्हणा."

ह्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, झालं, आता हे लोक पुन्हा आपल्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाहीत. तर विहीणबाईंनी पदराने डोळे टिपले आणि एकदम हसू लागल्या.

"ताई, मी मघाशी न्हाणीघरात एवढा वेळ का लावला, माहितीय? इन्सुलिनचं इंजेक्शन घेत होते. दीड वर्ष झालं घेतेय. मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, ती मी पुढेच ढकलतेय. आमचा हप्ता बघितलात ना, तर तुम्हालाही चक्कर येईल."

"मम्मी!" सून उभी राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "आणि पप्पा, तुम्हीसुद्धा बोलला नाहीत?"

व्याही मान खाली घालून म्हणाले, "तिने शपथ घातली होती. म्हणाली, मुलीला धर्मसंकटात टाकायचं नाही."

"मग हे काय आहे?" सून म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आता मी कोणाला निवडू? बाबांना की मम्मीला?"

मघाशी ओरडले त्याचा मला पश्चात्ताप नव्हता, पण त्या पोरीकडे बघवत नव्हतं. दोन्हीकडून तिचाच गळा आवळला जात होता.

आमचा मुलगा तसा मितभाषी, बापावर गेलाय. तो सरळ झालेला चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाला, "पण दोघं म्हणजे नवरा-बायकोच घ्यायचे, असं कोणी सांगितलंय?"

सगळ्यांनी त्याच्याकडे आ वासून पाहिलं.

"म्हणजे?" सून म्हणाली. "ऑफिसात सगळे एक तर आई-वडील घेतात, नाहीतर सासू-सासरे."

"घेतात. पण तसाच नियम आहे का?"

सुनेने तिच्या ऑफिसातल्या विमा बघणाऱ्या बाईंना फोन लावला. सुट्टीचा दिवस, त्यामुळे त्या बाई आधी चांगल्याच तडकल्या. सुनेने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"अहो, चौघांपैकी कोणीही दोन," बाई म्हणाल्या. "कोणाचं कोणाशी लग्न झालंय, ते मला विचारायचं नसतं. अजून काही?"

अजून काही नव्हतं. सुनेने फोन ठेवला आणि मला मिठी मारली, मग तिच्या आईला. विहीणबाई आणि मी एकमेकींच्या खांद्यावर रडलो, आणि रडता रडता हसायला लागलो. कारण व्याही म्हणाले, "म्हणजे कागदावर माझी बायको तुमच्या यजमानांबरोबर, आणि आपण दोघं मोकळे."

"मोकळे म्हणजे फुकटे नव्हे," मी म्हटलं. "आपल्याला काही झालेलं नाही, तर आपापला जुना विमा एकेकट्याच्या नावावर ठेवू. ह्यांचं वय त्यातून गेलं, की माझा हप्ता आपोआप उतरेल."

"आणि हिने नोकरी सोडली तर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तर आम्ही चौघं तिच्या ऑफिसच्या दारात पथारी टाकू," व्याही म्हणाले. सून म्हणाली, तसं झालंच तर तेव्हा बघू, आज मला श्वास घेऊ द्या. तिने तिथल्या तिथे दोन नावं भरली आणि पोचपावती आली तेव्हा सगळ्यांना दाखवली. ऑफिसचा विमा पुढच्या महिन्यापासून लागणार होता, आणि आमच्या जुन्या विम्याची मुदत तोवर होती.

चहाच्या वेळी मी बघितलं, हे चहा न पिता नुसता चमचा ढवळत बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"आता सांगायला हरकत नाही," हे म्हणाले. "गुडघा सुजलाय. कानात शिट्टी वाजते. आणि छातीत डाव्या बाजूला जरा दुखतंय."

"कधीपासून?"

"पत्र आलं तेव्हापासूनच. म्हटलं, दवाखान्यात गेलो आणि बिल लावलं, तर हप्ता आणखी वाढवतील."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्याह्यांनी गाडी काढली. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, स्टेंट बघितले. आम्ही पाचही जण बाहेरच्या बाकावर चिकटून बसलो होतो. विहीणबाईंनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, कोण जाणे. बऱ्याच वेळाने डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. हृदय ठीक आहे, म्हणाल्या. औषध थोडं बदललं, वजन उचलायचं नाही अशी तंबी दिली. मी पेशंटच्याच खाटेवर ह्यांच्या शेजारी बसले.

विहीणबाईंकडे बोट दाखवून मी म्हटलं, "डॉक्टर, आता आलोच आहोत, तर ह्यांच्या मूत्रपिंडाचंही बघा." विहीणबाई पहिल्यांदाच 'छे छे' म्हणाल्या नाहीत. मुकाट्याने बाही वर केली.

डॉक्टरबाईंनी रक्त घ्यायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून जरा रागानेच म्हणाल्या, "छातीत इतके दिवस दुखत होतं, ह्यांची तपासणी राहिलेली, आणि तुम्ही आज येताय? थांबला कशासाठी होतात?"

मीच सांगून टाकलं, "सभ्य माणसं आहोत हो आम्ही. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत होतो."