दुर्बीणबाईंचा निवाडा

गप्पी मासा महिन्याचा होईपर्यंत नर की मादी, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. सगळे सारखेच करडे, नखाएवढे. पुढे नर रंगीत शेपटी मिरवायला लागतो, मादी अंगाने भरते, आणि मग कुणीही ओळखतं. पण तोवर थांबून चालत नाही. माद्यांच्या टाकीत एक जरी नर राहिला, तरी सगळ्या टाकीला डोहाळे लागतात. म्हणून निवड आधीच करायची. पोटाखालचा पर पसरट असला तर मादी, काडीसारखा निमुळता होऊ लागला तर नर. घरच्या मासे पैदाशीच्या शेडमध्ये हा फरक भिंगाशिवाय ओळखणाऱ्या एकट्या सासूबाई. व्यापारी त्यांना दुर्बीणबाई म्हणायचे आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं.

पंचाईत अशी, की वर्षभरापासून दुर्बीणबाईंना निवडीसाठी बशीत घेतलेला मासाच धड दिसत नव्हता. मोतीबिंदू! कबूल केलं असतं तर मुलाने "आई, आता आराम कर" म्हणून शेडमधली खुर्ची काढून घेतली असती. आरामाचं नुसतं नाव निघालं तरी त्या उठून शेडकडे चालू लागायच्या.

पण बाई बिलंदर. आपलं बोलणं खोडून काढल्याशिवाय सुनेला चैन पडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बशीत मासा आला की त्या बेधडक ठोकून द्यायच्या, "नर!"

"अहो आई, नर कुठला? चांगली मादी आहे."

"माहीत आहे मला. तुझं लक्ष आहे का ते बघत होते."

सून गप्प राहिली, म्हणजे तीर बरोबर लागला. वर्षभर हे झकास चाललं.

मग एका सोमवारी सून म्हणाली, "बरं, आई." पुढच्या माशालाही "बरं, आई." सासूबाईंनी लागोपाठ अकरा नर सांगितले, मग अंदाजाने अकरा माद्या सांगितल्या, तरी सून मुकाट्याने जाळीने मासे उचलून टाक्यांत सोडत राहिली. आता खरं काय ते कळायचा मार्गच बंद झाला. भांडायचं सोडून या बयेला आजच शहाणपण सुचावं?

पुढचे तीन आठवडे त्या माद्यांच्या टाकीसमोर घुटमळत राहिल्या. आत रंगीत शेपट्या उगवल्यात का, तेही दिसेना. सुनेला विचारावं तर ती म्हणायची, "तुम्हीच बघा ना, तुमच्यापुढे मी काय सांगणार!"

व्यापारी आला. त्याला पैदाशीसाठी कोऱ्या, म्हणजे नराचा संग न झालेल्या माद्या हव्या होत्या. त्याने टाकीत जाळी घातली आणि सासूबाईंचा धीर सुटला.

"थांबा! त्यात नर असतील. मला काही दिसत नाही हो, वर्ष झालं."

व्यापाऱ्याने टाकीत डोकावून पाहिलं. "असं काय बोलता? सगळ्या माद्याच तर आहेत."

सून शांतपणे म्हणाली, "मी नुसतं बरं म्हणत होते. मासे सोडत होते ते स्वतः बघूनच."

"म्हणजे मी उगाच कबूल केलं?" सासूबाई कडाडल्या.

"उगाच कसं? उद्या नऊला डोळ्यांचे डॉक्टर. सहा महिने सांगतेय, तर म्हणे मला मुंगीचे पाय दिसतात."

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "आणि माझी खुर्ची?"

"बसून तर बघू दे कुणी तिथे," सून म्हणाली. "तीन आठवडे बरं बरं म्हणून तोंड आंबलंय माझं. लवकर बऱ्या व्हा आणि भांडायला या."