काळुरामच्या गाडीचं डावं चाक

काळुरामच्या आधी त्याच्या गाडीचा आवाज शहाडला पोचायचा. बैलगाडी अशी करकरायची की शेतातली माणसं मान वर न करता म्हणत, आला कोपरचा मीठवाला. डोंबिवलीला आगगाडी नुकती थांबू लागली होती, पण काळुरामचं मीठ अजून बैलांच्याच जिवावर कल्याणच्या बाजारात जाई. मीठ उतरवून तो पुढे शहाडला जायचा, लेकीला, गोदाला भेटायला. आणि दर खेपेला विहीणबाई ओटीवर उभ्या. "आत्ताच गेली बघा रानात." कधी रानात, कधी नदीवर, कधी कुणाच्या बाळंतपणाला. पावसाळा सरून आंब्याला मोहोर आला तरी त्याला पोरीचं तोंड दिसलं नव्हतं.

नवरा, आनंदा, तिला मारतो, हे त्याला ठाऊक होतं. पावसाळ्याच्या तोंडावर ती चिखल तुडवत पायी कोपरला आली होती. पण नांदती पोर घरात ठेवली तर भावकी काय म्हणेल? त्यानं समजूत घातली आणि त्याच दिवशी गाडीत बसवून तिला परत सोडून आला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. त्याच्या बायकोला, बायजाला, वाटत होतं, पण ती बोलली नाही. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आता त्यानं ताडलं की गाडीचा आवाज आला की ते लोक पोरीला लपवतात, वळ दिसू नयेत म्हणून. आवाजच बंद केला तर लबाडांना मुद्देमालासकट धरता येईल. मग व्याह्यांना चार शब्द सुनवायची त्याची फार इच्छा होती.

आधी त्याचा संशय उजव्या चाकावर गेला, कारण तो उजव्या अंगाला बसे आणि आवाज त्याच कानात शिरे. त्यात भरपूर एरंडेल ओतलं, ते फुकट गेलं. मग खाडीच्या बांधावर गाडी डावीकडे कलली तेव्हा आवाज वाढला, उजवीकडे कलली तेव्हा मेला. म्हणजे दुखणं डावीकडचं. घरी येऊन त्यानं बैल सोडले, आखाखाली लाकडाचा ओंडका दिला आणि चाक अधांतरी केलं. काठीचं एक टोक तुंब्यावर, चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यावर, टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि हातानं चाक फिरवलं. आत जात्यात खडा सापडावा तसं भरडत होतं. चाक वरखाली धरून हलवलं तर खुळखुळलं.

"चाकाला बरा कान लावता तुमी," बायजा म्हणाली.

त्याला ते झोंबलं, पण त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं. खीळ उपटून दोघांनी चाक ओढून काढलं. तुंब्याच्या पोटात, आखाभोवती बसणारी लोखंडी कडी मिठानं खाल्ली होती आणि एका अंगानं झिजून अंडाकृती झाली होती. जुनी कडी मापाला नेऊन त्यानं कल्याणच्या विश्राम लोहाराकडून नवी घडवून आणली. हातोडा आणि कडीच्या मध्ये लाकूड धरून, चौफेर हलके घाव घालत ती सरळ आत बसवली. तिरपी बसली असती तर तुंबा फुटला असता. बाभळीच्या पाचरी ठोकल्या, एरंडेल आणि काजळीचं वंगण भरलं, चाक चढवलं. चाक फिरलं, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

पुढच्या खेपेला त्यानं बैलांच्या घुंगुरमाळाही काढून ठेवल्या. शहाडला गाडी दाराशी लागली तरी कुणाला पत्ता नव्हता. अंगणात गोदा एकटीच तांदूळ पाखडत बसली होती. वाळली होती, मनगटावर काळानिळा डाग होता.

"सापडलीस ना आज," काळुराम म्हणाला. "कोन लपवतं तुला? सासू?"

"मना कोन लपवील?" गोदानं सूप खाली ठेवलं नाही. "मीच जाते मागच्या दारानं. तुजी गाडी वाजली का उठते. आत्या बिचारी माज्यासाठी खोटं बोलते."

"मारतो ना आनंदा अजून?"

"मारतो. तवाच सांगितलं व्हतं तुला. तुजे पाय धरून सांगितलं व्हतं."

काळुरामनं गाडीकडे बोट दाखवलं. "चाकात नवी कडी घातली. आता जरा म्हनून आवाज येत नाय."

गोदानं पहिल्यांदाच गाडीकडे बघितलं.

"मग तू आलास ता मना समजनार कसं?" ती म्हणाली. "पुढच्या वेळंला वेशीवरनं हाक मार, बाबा. म्हंजे मना निंगून जाता येईल."

तिनं तांदळाची पाटी उचलली आणि त्याच्या देखत, सावकाश चालत, मागच्या दारानं निघून गेली.